बचाव शिकवणारा शिक्षक

मंडळीतील मुलांना 'पुढे कोण होणार?' असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनियर, परिचारिका, बँकेतली नोकरी. एखादा धीट मुलगा खेळाडू म्हणतो. खेळाडूंना शिकवणारा होईन, आणि तेही गोल करायला नव्हे तर गोल अडवायला शिकवीन, असे म्हणणारे मूल आमच्या तरी पाहण्यात नाही. तरीही हा एक व्यवसाय आहे, आणि आपल्या हैदराबाद शहराचे नाव त्यात फार वरचे आहे. संडेस्कूलच्या शिक्षकांनी तो समजून घ्यावा असे आम्हांस वाटते, कारण या वाटेवर पहिले पाऊल टाकणारा गृहस्थ पेशाने शाळामास्तरच होता.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. तेथे बचावाच्या पुढल्या रांगेसाठी निराळा पगारी कोच असतो. बहुधा तो स्वतः कॉलेजात खेळलेला असतो, मग कॉलेजातच मदतनीस होतो, आणि वर्षानुवर्षे गावे बदलत धंदेवाईक संघापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे पायाने खेळायचा फुटबॉल आहे, आणि कित्येक वर्षे एका संघाला एकच कोच असे. बचाव, चढाई, धावणे, प्रसंगी जेवणखाण हे सारे त्यानेच पाहावयाचे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून खेळले. पुढे शिक्षक झाले. ज्या शाळांत त्यांनी शिकवले त्यांत काचीगुडा येथील मिडल स्कूल होते. काचीगुडा म्हटले की येथील मराठी वाचकांना वेगळे सांगावयास नको. सुलतान बाजार आणि काचीगुडा या भागांत आपली किती घराणी नांदली! मराठवाडाही त्या वेळी याच राज्यात होता. पुढे रहीम यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४३ च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि सिटी पोलीस संघाला शिकवू लागले. कोच म्हणून पोट भरण्याची सोय त्या काळी नव्हती. खेळाडू पोलीस खात्यात नोकर, आणि शिकवणारा शाळेत.

या पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्त्याचे बलाढ्य संघ असताना हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

त्यांनी शिकवले कसे, हा भाग शिक्षकांनी सावकाश वाचावा. रहीम यांनी मुलांसाठी तऱ्हेतऱ्हेचे सामने भरवले. एका स्पर्धेत नियम असा की ज्या पायात जोर कमी, त्याच पायाने गोल करावयाचा. दुसरीत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई. आला की लगेच दुसऱ्याकडे दिला पाहिजे. आणखी एक स्पर्धा फक्त बुटक्या मुलांची. यातला हेतू पाहा. उजव्या पायाचा मुलगा सरावात डावा पाय वापरा म्हटले तर दोन मिनिटे वापरतो आणि विसरतो. पण सामनाच तसा ठेवला, तर जिंकण्याच्या ओढीने तो आपला दुबळा पाय आपणच तयार करतो. उपदेश करावा लागत नाही. आमच्या मते शंभर व्याख्यानांपेक्षा हा एक नियम अधिक शिकवून जातो. जो मुलगा कधीच उत्तर देत नाही त्याच्यासाठी वर्गातला नियम बदलून पाहण्याचे आपल्यापैकी किती जणांना सुचले असेल?

आता बचावाविषयी थोडे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी पुढे गेलेल्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत. नंतर दोन पुरेसे झाले. गोल भराभर होऊ लागले, तेव्हा दोन फुलबॅकच्या मध्ये तिसरा माणूस मागे ओढण्यात आला. पुढे तेही अपुरे पडले. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने मागे चार, मध्ये दोन, पुढे चार अशी मांडणी करून जग जिंकले. रहीम हे असे बदल हैदराबादेत बसून टिपत होते आणि आपल्या खेळाडूंना झेपेल त्या बेताने आणत होते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच गडी अनवाणी खेळणारे, आणि मैदान थंडगार. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला त्याच रहीम यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले, आणि भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान भारताला आजवर मिळालेले नाही.

ओळीने बचाव करणे म्हणजे काय, हे न खेळलेल्याला चटकन कळत नाही. चार माणसे मैदानाच्या रुंदीत उभी असतात. चेंडू उजवीकडे गेला की चौघांनीही उजवीकडे सरकावयाचे. एक जण चेंडूवर धावला की शेजाऱ्याने त्याच्या पाठीमागची जागा धरायची. एकटा मागे रेंगाळला तर ऑफसाइडचा फायदा गेला. एकटाच पुढे धावला तर भोक पडले. म्हणून या लोकांना डोळ्यांइतकेच तोंड लागते. ते सतत एकमेकांना हाका मारत असतात. गोल करणारा दहा वेळा चुकला आणि एकदा साधला तरी त्याचा फोटो येतो. बचावातला माणूस नव्वद मिनिटे बरोबर वागून एकदा घसरला की सारे त्याचेच नाव घेतात. हा मामला फारसा न्याय्य नाही, आणि म्हणूनच अशा माणसांना शिकवणाऱ्याच्या अंगी वेगळा धीर लागतो.

१९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत रहीम यांची खरी परीक्षा झाली. कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २–० असे हरवले. थायलंडविरुद्ध मधला बचावपटू जर्नैल सिंग यांचे डोके फुटले आणि टाके पडले. अशा वेळी साधारण कोच त्याला विश्रांती देऊन मोकळा झाला असता. रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवले. मागची जागा अरुण घोष यांनी सांभाळली. गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको हाफबॅकला होते, आणि हैदराबाद–सिकंदराबादचे पीटर थंगराज, तुलसीदास बलराम, युसूफ खान हेही संघात होते. खेळांच्या राजकारणावरून त्या वेळी तेथील प्रेक्षक भारतावर रागावलेले. मैदानात हुर्यो चालली होती. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर आला. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा जर्नैल सिंग यांनी, आणि भारत २–१ असा जिंकला. ज्याने जन्मभर अडवण्याचे काम केले त्याला प्रतिपक्षाचा बचाव कोठे उघडा पडेल हे ठाऊक असणारच. हे कोचने हेरले. आमच्या दृष्टीने त्या विजयातील सर्वांत मोठी गोष्ट हीच.

पुढील वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीम वारले. वय अवघे ५३. खेळाच्या गुरूंना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तो पाहायला ते नव्हते. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. चित्रपटात पदरचे बरेच असते. मुलांना दाखवावा, पण वर सांगितलेले सामने कसे भरवत ते आपण तोंडी सांगावे.

बचाव फळीतूनच कोच झालेले दुसरे हैदराबादी म्हणजे सय्यद नईमुद्दीन. यांचा जन्म १९४४ चा. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत ते भारताचे कर्णधार होते. तेथे कांस्यपदक मिळाले, आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही. कलकत्त्यातील मोठ्या क्लबांतून खेळल्यावर ते शिकवू लागले. १९९० साली त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने आय.एफ.ए. शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स असे तीन चषक एकाच मोसमात घेतले. त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. १९९७ साली काठमांडूत दक्षिण आशियाई चषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कोच तेच. शिस्तीचा माणूस अशी त्यांची ख्याती. ती काहींना जाचलीही. परंतु वेळेवर येणे आणि आपली जागा न सोडणे या दोन गोष्टी ज्याला कंटाळवाण्या वाटतात त्याला बचाव शिकवता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालक विचारतील की आज या वाटेवर निघायचे तर कसे? पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली निघाली. तेथे पदविका मिळते. त्याशिवाय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्राथमिक डी परवाना आहे, आणि वर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे परवाने आहेत. प्रत्येक पायरीच्या मध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव लागतो. उत्तम खेळलेच पाहिजे असे नाही. धंदेवाईक क्लबांत आता मुख्य कोचच्या हाताखाली मदतनीस, गोलरक्षकांचा कोच, व्यायामाचा कोच अशी माणसे असतात, आणि बचावाचे काम बहुधा एखाद्या मदतनिसाकडे येते. नोकरी मात्र बेभरवशाची. संघ चार सामने हरला की मुख्य कोच जातो, आणि पुष्कळदा त्याचे मदतनीसही. म्हणून शाळेतील क्रीडाशिक्षकाची जागा हाती ठेवून सुरुवात करणे शहाणपणाचे. रहीम यांनीही शाळा धरूनच हे काम आरंभले.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. आवारात चार मुलांना एका लांब दोरीला समान अंतरावर धरून उभे करा. पाचव्याने चेंडू इकडून तिकडे न्यावा, आणि चौघांनी दोरी सैल वा फार ताठ न होऊ देता त्याच्यासमोर सरकत राहावे. पहिल्या खेपेस बोलण्यास मनाई करा, दुसऱ्या खेपेस बोलू द्या. मग चौघांना वेगवेगळे विचारा: तुला सर्वांत जास्त कोणाकडे पाहावे लागले?