गाडीतला राग आणि आपली साधना

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



मागच्या महिन्यात पेडणे आणि डिचोलीच्या एकत्र सत्संगात आम्ही विचारले होते, "तुम्हाला राग सगळ्यात जास्त कुठे येतो?" वाटले होते, स्वयंपाकघर नाहीतर मुलांचा अभ्यास असे उत्तर येईल. पण बहुतेकांचे उत्तर होते, रस्त्यावर! म्हणून या आठवड्याच्या अभ्यासाला हाच विषय घेतला आहे.

*तक्रार खरीच आहे*

आधी हे मान्य करूया. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्याच्या रस्त्यांवरची वर्दळ बदलली. डिचोलीकरांना खनिजाच्या ट्रकांची सवय जुनी आहे. वळणावर ओव्हरटेक, मागून सतत हॉर्न, रात्री डोळ्यांवर मोठा दिवा, इंडिकेटर न देता वळणे, हे सगळे चुकीचेच. त्याला चूक म्हणण्यात पाप नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या चुकीमुळे आपले काय होते?

*रागाची साखळी*

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ व्या श्लोकांत ही साखळी सांगितली आहे. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेत अडथळा आला की क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, आणि मग बुद्धीचा नाश.

गाडीत बसून हे वाचून पाहा. "दहाला पोचायचेच" हे चिंतन. "हा रस्ता माझा, पुढे मीच" ही आसक्ती. कोणीतरी मध्ये घुसतो, क्रोध येतो. आणि स्मृतिभ्रंश म्हणजे काय? मागच्या सीटवर आई बसली आहे, मांडीवर बाळ आहे, हेच आपण विसरतो. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

*थोडा हिशोब*

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. रागाने त्या माणसाकडे वळून दोन सेकंद पाहिले, तर ३३ मीटर आपण न बघताच गेलो. कदंबच्या तीन बसगाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल, जवळजवळ तेवढी!

आता घाईचा हिशोब. २० किलोमीटर जायला ६० च्या वेगाने २० मिनिटे, ८० च्या वेगाने १५. तीही रस्ता पूर्ण मोकळा असला तर. म्हणजे भांडण कशासाठी? फार तर पाच मिनिटांसाठी.

*एक अनुभव*

आम्ही काही भगिनी डिचोलीहून अस्नोडामार्गे पेडण्याला सेवेसाठी जात होतो. गाडी आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा चालवत होता. एका वळणावर मागून आलेली गाडी आम्हाला अगदी घासून पुढे गेली. मुलाचा चेहरा लाल झाला. "थांब, दाखवतोच त्याला," म्हणून त्याने वेग वाढवला. आमचे सगळ्यांचे बोलणे बंद झाले. तेवढ्यात मागे बसलेल्या आजी अगदी हळू म्हणाल्या, "वचूं दी ताका, पुता. आमकां सगळ्यांक घरा पावोवपाचें आसा."

मुलाने वेग कमी केला. पुढे कोलवाळच्या पुलाजवळ रांग लागली होती, आणि तीच गाडी आमच्या बरोबर पुढे उभी! कोणी काही बोलले नाही. मुलगा मात्र आपणहून हसला.

आजींनी उपदेश केला नाही, "तुझेच चुकते" असेही म्हटले नाही. गाडीत किती जीव आहेत, एवढीच आठवण दिली. साखळी तुटते ती अशी, स्मृती परत आली की.

*सहन करणे म्हणजे काय?*

एकनाथ महाराजांची गोष्ट आपण बालसंस्कारात सांगतो. अंगावर थुंकणाऱ्यामुळे पुन्हा पुन्हा गोदास्नान घडले, म्हणून नाथांनी त्याचेच आभार मानले. पण रस्त्यावर चूक झाली तर दुसरे स्नान नाही. तिथे सहन करणे म्हणजे मागे राहणे, अंतर ठेवणे, वाट देणे.

आणि क्षमा म्हणजे डोळेझाक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य ओव्हरटेक, लाल सिग्नल तोडणे, हातात मोबाईल धरून चालवणे हे सगळे धोकादायक चालवण्यात धरले आहे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी खरेच जिवावर उठल्यासारखा चालवत असेल तर शेजारी बसलेल्याने नंबर टिपावा आणि ११२ ला कळवावे. चालवणाऱ्याने नव्हे. शिक्षा देणे पोलिसांचे काम, पाठलाग करणे आपले नाही. अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. चांगल्या भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, घाबरू नये.

*या आठवड्याचा अभ्यास*

शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेआधी व्रताचे दिवस किती सोवळ्यात काढतात, आपण पाहतोच. आपणही किल्ली हातात घेतल्यापासून गाडी घरी लावेपर्यंत वाचेचे सोवळे पाळूया.

१. दहा मिनिटे आधी निघावे. निम्मा राग इथेच संपतो.
२. गाडी सुरू करण्याआधी तीन वेळा नाम घ्यावे आणि गाडीत कोण कोण आहे ते एकदा वळून पाहावे.
३. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे दिसली तर ती भाड्याची गाडी. चालवणारा बहुधा पाहुणा, त्याला आपली वळणे ठाऊक नाहीत. चार हात लांब राहावे.
४. कोणी घुसला तर शिवी नाही, हॉर्नवर हात दाबून ठेवणे नाही. एक दीर्घ श्वास, आणि "जा बाबा, सुखाने पोच."
५. चालवणाऱ्याला मागून "हळू, हळू" असे टोचू नये. त्यानेही राग वाढतो. आजींसारखे एकदाच, प्रेमाने बोलावे.

*घरी जेवताना बोलण्यासाठी*

आपल्या मुलांनी पहिली शिवी कुठे ऐकली असेल? आपल्याच गाडीत तर नाही ना?
आपल्या चालवण्यामुळे या आठवड्यात कोणाची साखळी सुरू झाली असेल का?

उत्तरे रविवारपर्यंत आपापल्या कुटुंब-गटात कळवावीत. लहान मुलांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत पाठवा, आम्हाला फार आवडतात.

सर्वजण सुखरूप घरी पोचोत, हीच गुरुचरणी प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏