तो तीनचाकी टेम्पो मूळचा कुठला?

प्रश्न : खामगावच्या बाजारात पूर्वी लांब नाकाचा तीनचाकी टेम्पो सरकीची पोती वाहायचा. ती गाडी जर्मन कंपनीची होती, असे वडील सांगतात. जर्मनी म्हटले की आम्हाला मर्सिडीज आठवते. इतकी साधी गाडी त्यांनी कशासाठी काढली आणि ती आपल्याकडे कशी पोचली?
— एक वाचक, खामगाव (जि. बुलडाणा)

उत्तर : वडील सांगतात ते खरे आहे. त्या गाडीचे नाव हॅन्सिएट आणि ती हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड झोन’ या कारखान्याची. ‘टेम्पो’ हा त्यांचा छाप होता. पुढे तो आपल्याकडे इतका रुळला की कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच झाली.

कारखान्याचा जन्म समजायचा तर 1928 सालचा एक जर्मन नियम पाहावा लागतो. 200 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला त्या वर्षीपासून कर माफ झाला आणि ती चालवायला परवानाही लागेनासा झाला. ट्रक परवडत नाही आणि हातगाडीने भागत नाही, अशा भाजीवाल्याला, बेकरीवाल्याला, कोळशाच्या दुकानदाराला ही मोठीच सवलत होती. त्याच वर्षी ऑस्कर विडाल यांच्या कारखान्यातून तीनचाकी मालगाड्या निघू लागल्या. सुरुवातीच्या गाड्यांत माल पुढे आणि चालक मागे बसे. पुढे अभियंते ओटो डाउस यांनी ही मांडणी उलटवली आणि 1933 च्या सुमारास ‘फ्रंट’ मालिकेच्या गाड्या आल्या.

त्यातली युक्ती मला आजही थक्क करते. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या एकाच चाकापाशी, आणि साखळीने तेच चाक फिरवायचे. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच नसल्यामुळे हौदा जमिनीलगत ठेवता येतो. पोते छातीपर्यंत न उचलता हमाल ते सहज आत सारू शकतो. त्या सांगाड्यावर उघडा हौदा बसवा नाहीतर बंद पेटी, इंजिनाला काही फरक पडत नाही. बिघाड झाला तर नाकाड उघडले की सगळे समोर. याच घराण्यातली 1938 ची ए-400 ही दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, 400 सीसीची गाडी. अश्वशक्ती जेमतेम साडेबारा आणि माल पाऊण टन. युद्धानंतर 1949 पासून हीच गाडी हॅन्सिएट म्हणून विकली गेली.

या रचनेची एक उणीवही सांगायला हवी. चढावर भरल्या गाडीचे वजन मागे सरकते, पुढचे एकटे चाक हलके होते आणि त्याची पकड सुटू लागते. म्हणून ती खामगाव, शेगाव, मलकापूरच्या सपाटीला जितकी योग्य, तितकी मलकापूरहून बुलडाण्याला चढणाऱ्या राजूर घाटाला नव्हे.

भारतात ती आणली नवलमल फिरोदिया यांनी. अहमदनगरचे वकील, गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव. आपल्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आणण्याचे श्रेयही त्यांचेच. 1958 मध्ये विडाल यांच्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. आधी मुंबईत गोरेगावला आणि नंतर पुण्याजवळ आकुर्डीला तिचा कारखाना होता. नावातले बजाज म्हणजे वर्ध्याचे बजाज घराणे, म्हणजे या गाडीत विदर्भाचाही वाटा होता. रेल्वे मलकापूर, शेगाव, जलंब धरून निघून जाते. खामगावला फाटा तरी आहे, चिखली-मेहकरला तोही नाही. स्टेशनापासून दुकानापर्यंत माल नेणाऱ्या लहान गाडीची गरज इथे हॅम्बुर्गपेक्षा कमी नव्हती. जर्मनीत हॅन्सिएट 1956 मध्ये थांबली. आपल्याकडे ती त्यानंतरही कित्येक वर्षे तयार होत राहिली. तिला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. लहान व्यापाऱ्याला परवडणारी आणि गावातल्या मिस्त्रीला उमजणारी गाडी होती ती.

प्रश्न : मॅटाडोरही त्यांचीच का? आणि तो मूळ कारखाना आज आहे का?

उत्तर : मॅटाडोर त्यांचीच. जर्मनीत ती 1949 मध्ये आली आणि सुरुवातीला तिला फोक्सवॅगनचे इंजिन होते. आपल्याकडची डिझेल मॅटाडोर नंतरची.

विडाल यांच्या कारखान्यात 1955 मध्ये राइनश्टाल या पोलाद उद्योगाने निम्मा वाटा घेतला आणि दशकभरात तो पूर्णच घेतला. पुढे हानोमाग-हेन्शेल या कंपनीमार्गे तो डाइमलर-बेंझकडे गेला. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात त्या जागी आज मर्सिडीज गाड्यांचे अ‍ॅक्सल व इतर भाग बनतात. आपल्याकडे 1987 मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली, तीही डाइमलर-बेंझच्या व्हॅनवरून. बजाज टेम्पोचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले.

जाता जाता एक विनंती. जिल्ह्यात कुणाच्या वखारीत किंवा जिनिंगच्या आवारात हॅन्सिएट उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. निदान तिचे फोटो काढा, आरसी बुक जपा आणि ती चालवलेला माणूस हयात असेल तर त्याच्या आठवणी लिहून आमच्याकडे पाठवा. आम्ही त्या छापू.