चाहत्यांचे लेखन आणि बंद खाती

आवडत्या मालिकांवर चाहत्यांनी रचलेल्या कथांना वाङ्मय म्हणावे काय, हा वाद येथे नको. प्रश्न त्या टिकण्याचा आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केली. हौशी रसिकांनी मांडलेली असंख्य पाने गेली. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी हाती लागली तेवढी उतरवून घेतली. २०२३ साली गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण जाहीर केले. आधी सूचना येते खरी, पण लेखकच हयात नसेल तर ती वाचणार कोण? लेखक फिरकला नाही म्हणजे वाचकही नाही, हे गणित मला पटत नाही. (माझी आई निरक्षर, तरी माझी जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी विचारते.) ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संग्रहालय चाहत्यांनीच उभारले आणि ते देणग्यांवर चालते. आपल्या पश्चात आपले लेखन कोणी सांभाळावे, हे ठरवून ठेवण्याची सोय तेथे आहे.