समुद्रकाठचे शब्द



या वेळचा धडा समुद्रकाठचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या आधीचे पाच दिवस, आम्ही दोघे कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन ग्रेट ओशन रोडने फिरून आलो. फिरण्याची हौस होतीच, पण दुसरेही एक कारण होते. मोठ्या गटातली मुले त्या सुमाराला सांगू लागली होती की मराठी आजी-आजोबांशी फोनवर बोलायला ठीक आहे, पण इथले काही तिच्यात सांगता येत नाही. "बाई, मराठी इंडियातल्या गोष्टींसाठी असते," असे एकाने सरळ ऐकवले. तक्रार विचार करण्याजोगी होती. म्हणून आम्ही ठरवले की पाच दिवस गाडीत मराठीच बोलायचे, जे दिसेल त्याला शब्द शोधायचा, आणि कोणता शब्द जसाच्या तसा चालतो, कोणता इथे अडतो, ते वहीत टिपायचे. पुढचा मजकूर त्या वहीतला.

पहिली म्हण गाडीत सामान भरतानाच आठवली: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! बिऱ्हाड म्हणजे तात्पुरता संसार. शेगडी, पातेली, अंथरूण-पांघरूण, पाण्याची टाकी, सगळे पाठीशी बांधून निघायचे. कॅम्परव्हॅनला 'निवासवाहन' म्हणावे असे एका काकांनी सुचवले होते. आम्हाला ते सरकारी पत्रातले वाटले. आम्ही कॅम्परव्हॅनच म्हटले. परका शब्द घेतल्याने भाषा बाटत नाही. त्या गाडीतच बघा: चावी, बादली, पाव, बटाटा. हे चारही शब्द पोर्तुगीजांबरोबर गलबतांतून कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठी झाले. पाचवा शब्द नाताळ! पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्म, येशूचा जन्मदिवस.

मेलबर्नहून टॉर्के सुमारे शंभर किलोमीटर. तिथून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत हा रस्ता सुमारे २४० किलोमीटर जातो. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात, मुख्यतः कुदळ-फावड्याने आणि सुरुंग लावून बांधला, आपल्या परत न आलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून. लॉर्नच्या अलीकडे ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी कमान आहे. गाडी तिच्याखालून जाते. कमान हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पश्चिमेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. इथे लहान गटासाठी थोडे व्याकरण: तो समुद्र, तो किनारा, तो कडा, ती लाट, ती खाडी, ती पुळण, ते बेट, ते भूशिर, ते दीपगृह. पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची पट्टी, आपला बीच. भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक. केप ऑटवे हे भूशिर, आणि त्यावरचे १८४८ चे दीपगृह इंग्लंडहून मेलबर्नला येणाऱ्या जहाजांना जमीन दाखवी. भरती-ओहोटी तर तुम्हाला ठाऊक आहे. पण पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाणाची आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांगेची म्हणतात, हे कोकणातल्या आजोबांना विचारा. आम्ही निघालो तेव्हा नुकतीच अष्टमी झाली होती, म्हणजे भांग. कोकणातला शब्द इथल्या पाण्याला तंतोतंत बसला.

आता कड्यांकडे येऊ, कारण खरा धडा तिथे आहे. पोर्ट कॅम्पबेलच्या बाजूचे कडे चुनखडीचे. चुनखडी हा मऊ दगड. लाटा आदळत राहतात, कड्याच्या पायथ्याशी खळगा पडतो, खळग्याची गुहा होते. समुद्रात घुसलेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी गुहा पडून त्या एकमेकींना मिळाल्या की कमान होते. कमानीचे छप्पर एके दिवशी कोसळते आणि पाण्यात एकटा खांब उरतो; भूगोलाच्या पुस्तकात त्याला सागरी स्तंभ म्हणतात. सह्याद्रीत भटकणारी मंडळी अशा उभ्या खडकाला सुळका म्हणतात, आणि आम्हाला तोच शब्द आवडतो. शेवटी सुळकाही पडतो. गुहा, कमान, सुळका: तीन शब्दांत किनाऱ्याचा सगळा इतिहास सांगून होतो.

हे नुसते पुस्तकी नाही. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे बारा प्रेषित, येशूचे बारा शिष्य. सुळके बारा कधीच नव्हते, आणि पूर्वी त्यांना 'डुकरीण आणि तिची पिल्ले' अशा अर्थाचे नाव होते! जुलै २००५ मध्ये त्यांतला एक काही क्षणांत ढासळला आणि आठ उरले. थोडे पुढे लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती. १५ जानेवारी १९९० रोजी तिचा जमिनीकडचा भाग कोसळला, आणि पलीकडे गेलेले दोघे पर्यटक समुद्रात उभ्या असलेल्या तुकड्यावर अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना सुखरूप आणले. म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या आई-बाबांच्या जन्मानंतर एका कमानीचे बेट झाले.

या दोन्हींच्या मध्ये लॉख आर्ड गॉर्ज आहे. १ जून १८७८ च्या पहाटे लॉख आर्ड हे जहाज इथे खडकांवर फुटले. जहाजावर ५४ माणसे होती, दोनच वाचली. टॉम पिअर्स हा जहाजावरचा शिकाऊ मुलगा, आणि ईव्हा कारमायकल ही आई-वडील व भावंडांबरोबर निघालेली मुलगी. टॉमने तिला पाण्यातून ओढून गुहेत नेले आणि मग कडा चढून मदत शोधली. तिच्याबरोबर जहाजावर असलेले घरचे कोणीच वाचले नाहीत. त्याच जहाजातून मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी पाठवलेला माणसाच्या उंचीचा चिनी मातीचा मोर मात्र जवळजवळ धड किनाऱ्याला लागला. तो वॉरनांबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे. जरूर पाहा.

इथपर्यंत शब्दांनी कुठे दगा दिला नव्हता. अडले ते ऋतूंपाशी. आपल्या पाठ्यपुस्तकात डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष, हेमंत ऋतू, स्वेटर, शेकोटी आणि हुरडा. इथे उन्हाळा, तोंडावर बसणाऱ्या माश्या आणि पावणेनऊला मावळणारा सूर्य. भर दुपारी पाठ्यपुस्तकातल्या मुलाची सावली उत्तरेकडे पडते. आमची आखूड सावली दक्षिणेकडे, समुद्राच्या बाजूला पडत होती. शेकोटीऐवजी इथे दुसरा शब्द लागतो, वणवा. रस्त्याच्या कडेला वणव्याच्या धोक्याचे फलक आहेत, आणि काही दिवशी उघड्यावर विस्तव पेटवायला पूर्ण बंदी असते. २०१५ साली विजेमुळे लागलेला वणवा नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या गावांत शिरला. ११६ घरे जळाली. लोक वेळेवर बाहेर पडले, म्हणून जीव वाचले. वाय रिव्हरवरून जाताना आम्ही दोघे जरा गप्प होतो. दारात नाताळची आरास केलेली घरे दिसत होती.

शेवटच्या रात्री दत्तजयंतीची पौर्णिमा तीन दिवसांवर होती. मध्यरात्र उलटल्यावर गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसलो. उत्तरेला चंद्र होता आणि त्यावरचा ससा, ज्याच्यामुळे चंद्राला शशांक म्हणतात, तो चक्क उलटा! मृग नक्षत्रही उलटे, आणि व्याध त्याच्या वरच्या अंगाला. पाय वर करून पळणारे हरीण पाहून आम्हाला हसू आले. पण डोक्यावर जवळजवळ सरळ वर अगस्ती होता. महाराष्ट्रातून हा तारा दक्षिणेला क्षितिजापासून फार वर येत नाही. कथेतला अगस्ती मुनी विंध्य पर्वताला "मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा" असे सांगून दक्षिणेला गेला आणि परतलाच नाही. या किनाऱ्यावरून पाहिले तर तो तारा कधी मावळतच नाही. पालकांनी ही गोष्ट मुलांना नक्की सांगावी. आपल्याला ती जास्त कळते.

स्वाध्याय. लहान गटाने एक कमान आणि एक सुळका काढून त्याशेजारी तो, ती की ते, हे लिहावे. मधल्या गटाने घरातल्या स्वयंपाकघरात फिरून बाहेरून आलेले पाच शब्द शोधावेत. कोबी आणि काजू आम्ही सांगून टाकले. मोठ्या गटाने आजी-आजोबांना फोन करून, त्यांच्याकडे आत्ता कोणता ऋतू आहे आणि खिडकीतून काय दिसते ते विचारावे, मग आपल्या खिडकीतून काय दिसते ते त्यांना सांगावे. दोन्ही बाजू वहीत उतरवून पुढच्या शनिवारी आणाव्यात. एखादा शब्द अडला तर तिथे रिकामी जागा सोडा. ती आपण वर्गात मिळून भरू.