घड्याळं गोळा करताना

‘बग्ज बनी: लॉस्ट इन टाइम’ हा १९९९ सालचा प्लेस्टेशनवरचा गेम मी आजही तितक्याच आवडीने खेळतो. गाजराच्या रसाचं यंत्र समजून बग्ज कालयंत्रात शिरतो आणि भलत्याच काळात जाऊन पडतो. परतीच्या वाटेवर घड्याळं आणि सोन्याची गाजरं गोळा करायची. खेळता खेळता जे उमगलं ते असं:

१. बग्जला बग्जसारखंच खेळवा. लाथ मारायची सोय आहे, पण त्याची खरी ताकद निसटण्यात. चवड्यांवर चोरपावलांनी सरकणं, बिळात बुडी मारून जमिनीखालून पुढे निघणं, कान पंख्यासारखे गरगर फिरवत अलगद खाली उतरणं! पडद्यावरच्या या सशाचा स्वभावच बनवणाऱ्यांनी बटणांत उतरवलाय. माझ्या लेखी या गेमचं सगळं मोठेपण इथे आहे. दिसेल त्याच्यावर धावून जाणाऱ्याला हा खेळ अर्धाच कळतो.

२. उडी मारल्यावर नजर बग्जवर नको, त्याच्या सावलीवर ठेवा. थ्रीडीमध्ये फळी किती लांब आहे याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. सावली फळीवर आली की खुशाल उतरा. त्याआधी कॅमेरा फिरवून घ्यावा, हे ओघाने आलंच.

३. कार्टून आधी बघा, मग खेळा. गेममधल्या प्रत्येक काळात बग्जचे कार्टूनमधले वैरी भेटतात: अश्मयुगात एल्मर फड, चाच्यांच्या काळात योसेमिटी सॅम, १९३० च्या दशकात रॉकी आणि मग्सी, मध्ययुगात विच हेझल, तर डायमेन्शन एक्समध्ये मार्विन. ही मंडळी उगाच कुठेही बसवलेली नाहीत. सॅम तर १९४८ च्या ‘बकनीअर बनी’तच चाचा झाला होता. ससा की बदक, या वादावर बेतलेली लेव्हल खेळताना चक जोन्स यांच्या १९५१ ते १९५३ मधल्या तीन शिकारफिल्म्स डोळ्यांसमोर उभ्या राहतात. बैलाची झुंज आली की १९५३ चा ‘बुली फॉर बग्ज’. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं. शाळेतून येऊन दप्तर टाकताच टीव्हीपुढे बसलेल्या आमच्या पिढीला हे सगळे चेहरे घरचेच. तरीही नव्याने खेळणाऱ्याने त्या फिल्म्स जरूर बघाव्यात. प्रत्येकी सहा-सात मिनिटांच्या तर आहेत!

४. एखादं घड्याळ हाती लागत नसेल तर हट्ट सोडा, दुसऱ्या काळात जा. काही ठिकाणी गेममधल्या जादूगार मर्लिनकडून जादू शिकल्याखेरीज पोचताच येत नाही.

५. २००० साली आलेला पुढचा भाग, ‘बग्ज बनी अँड टॅझ: टाइम बस्टर्स’, एकट्याने खेळू नका. दोघांनी मिळून खेळायचीही सोय आहे. माझा भाचा टॅझ घेतो, कारण त्याला भोवऱ्यासारखं फिरत सगळं उधळून लावायचं असतं; बग्ज माझा. अझ्टेक प्रदेशापासून ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत आम्ही सारखे एकमेकांना हाका मारत असतो.