संगणक सुरू होत नाही तेव्हा



स्मरणिकेसाठी शिक्षकाकडून लेख मागविला म्हणजे तो बहुधा शिक्षणाच्या महत्त्वावर लिहितो. मी मात्र या खेपेस घरोघरी उपयोगी पडेल असा एक धडा देण्याचे योजिले आहे. आमच्या बालाघाटातही काही मुले सुटे भाग आणून घरीच संगणक जोडतात. त्यात हाताला कसब येते आणि यंत्राचे अंतरंग कळते. परंतु सारे जोडून झाल्यावर कळ दाबावी आणि यंत्राने हूं की चूं करू नये, असा प्रसंगही येतो. त्या वेळी काय करावे, याचा हा पाठ आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला आहेत. मुलाने हट्ट धरला म्हणून त्यांनी महिन्यामहिन्याला पैसे बाजूला टाकले आणि नागपूरहून एकेक भाग आणला. एका रविवारी मुलाने संगणक जोडला. कळ दाबताच पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. एका दुकानदाराने पाहून सांगितले की मदरबोर्ड जळाला, नवा घ्यावा लागेल. त्याच संध्याकाळी वडील माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सर, पोरानं माझे पैसे पाण्यात घातले का? तसं असेल तर आजपासून हा नाद बंद."

प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता. त्या मुलावरचा बापाचा विश्वास पणाला लागला होता. मी लगबगीने गेलो आणि तेथेच चुकलो. रॅम काढली, बॅटरी काढली, तारा हलविल्या, सर्व एकाच वेळी. दोन तास गेले आणि हाती काहीच लागले नाही. वर्गात मुलांना 'एका वेळी एकच गोष्ट बदला' असे शिकविणारा मी, तेच विसरलो होतो! दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि क्रमाने गेलो. तोच क्रम येथे देतो.

आरंभीची सावधगिरी

काहीही हलविण्यापूर्वी भिंतीतील पिन काढावी आणि मग संगणकाची कळ एकदा दाबावी, म्हणजे आत उरलेली थोडी वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज करून देणारी पेटी, कधीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यात जिवावर बेतणारी वीज साठलेली असू शकते. घराचे अर्थिंग ठीक आहे याचीही खात्री करून घ्यावी.

रोग ओळखावा

वैद्य आधी लक्षणे विचारतो, औषध मागाहून देतो. सुरू न होणाऱ्या संगणकाची लक्षणे मुख्यतः चार आहेत.

पहिले: यंत्र अगदीच निर्जीव आहे. अशा वेळी त्याच सॉकेटात टेबललॅम्प लावून पाहावा. पाठीमागे एसएमपीएसचे लहान बटण असते, ते चालू आहे का पाहावे. नवशिक्यांकडून हेच पुष्कळदा राहून जाते. मदरबोर्डला येणारी २४ टोकांची रुंद जोडणी खटका लागेपर्यंत बसली पाहिजे. नंतर कॅबिनेटच्या कळीच्या दोन बारीक तारा पुस्तिकेतील आकृतीप्रमाणे योग्य टाचण्यांवर आहेत का ते तपासावे. शंका असल्यास त्या तारा काढून, पिन पुन्हा लावून, त्या दोन टाचण्यांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर दोष कळीत आहे, यंत्रात नाही.

दुसरे: पंखे फिरतात, पण पडदा काळा. येथे मदरबोर्डला दोष देण्याची घाई होते. वस्तुतः पंखे फिरणे म्हणजे यंत्र चालणे नव्हे. प्रोसेसरला वीज न मिळताही पंखे फिरू शकतात. प्रथम मॉनिटरची तार पाहावी. वेगळे ग्राफिक कार्ड बसविले असेल तर तार त्या कार्डालाच लावावी. कार्ड नसेल, तर आपल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची सोय आहे ना, हे पाहावे. सर्वच प्रोसेसरांत ती नसते. नंतर प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातील ४ किंवा ८ टोकांची वेगळी जोडणी तपासावी. मग रॅम काढून, दोन्ही कडा समान दाबून, खटका ऐकू येईपर्यंत बसवावी. रॅमची एकच पट्टी ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेतच ती लावावी.

तिसरे: यंत्र सुरू होते आणि काही क्षणांत बंद पडते, पुनः सुरू होते. येथे प्रोसेसरवरील शीतक पाहावा. त्याच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ झिल्ली काढायची राहिली, किंवा तो एका बाजूने सैल राहिला, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो. आमच्याकडील मे महिन्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी. मदरबोर्डखालचे पितळी खुंटही मोजावेत. एखादा जास्तीचा खुंट भलत्या जागी राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो.

चौथे: पडद्यावर अक्षरे दिसतात, पण पुढे गाडी जात नाही. तेव्हा यंत्र बहुतेक शाबूत आहे असे समजावे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी बायोसच्या यादीत दिसते का, कोणत्या साधनातून आधी सुरुवात करायची तो क्रम बरोबर आहे का, एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला का, एवढे पाहावे. घड्याळ दर वेळी जुने वर्ष दाखवीत असेल तर बोर्डावरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी.

बोर्ड काय सांगतो ते ऐकावे

संगणक सुरू होताना प्रथम स्वतःचीच परीक्षा घेतो. अनेक नव्या बोर्डांवर त्यासाठी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक व डिस्क. जो दिवा पेटून राहील त्या बाजूला दोष शोधावा. दिवे नसल्यास एक छोटा स्पीकर बोर्डाला लावावा. तो शिट्यांनी खूण देतो आणि तिचा अर्थ पुस्तिकेत असतो. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्यांदा जोडल्यावर बोर्ड तिची ओळख करून घेण्यात काही मिनिटे घालवू शकतो. तेवढा वेळ पडदा काळा राहिला तरी घाबरून वीज तोडू नये.

कमीत कमी भागांची रीत

एवढे करूनही दोष सापडला नाही तर सर्व सोडवावे. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि त्यावर फक्त प्रोसेसर, शीतक, एक रॅम व एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर ग्राफिक कार्ड, एवढेच लावावे. इतक्यावर यंत्र चालले तर पिन काढून एकेक भाग जोडावा आणि दर वेळी पुन्हा पाहावे. ज्या भागाने यंत्र अडेल तोच दोषी किंवा त्याची जोडणी दोषी.

ही रीत नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातला एक आरंभीचा संगणक बांधला गेला, तेव्हा तेथील मंडळींनी एकदम मोठे यंत्र उभे केले नाही. आधी एक लहान नमुना यंत्र तयार केले. ते १९५६ साली चालू लागले. त्यावर हात बसल्यावर मोठे यंत्र १९६० साली कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात एकदम हात घातला असता तर दोष कोठे शोधला असता? लहान आधी, मोठे मागाहून, हा धडा आपल्या टेबलावरील यंत्रालाही लागू आहे.

असो. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बोर्ड खोक्यावर मांडला, तेव्हा प्रोसेसरचा दिवा पेटून राहिला. मी मुलाला म्हटले, "कोपऱ्यात बघ." तेथील ८ टोकांची खाच रिकामी होती. तिची तार कॅबिनेटच्या पाठीमागे गुंडाळून राहिली होती. पहिल्या दिवशी तारा हलविताना आम्ही दोघांनीही ती पाहिली नव्हती. तार लावली, कळ दाबली आणि पडदा उजळला. नव्या मदरबोर्डाचे हजारो रुपये वाचले. वडील काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून मुलाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आता मला दाखव, कोणती तार कुठे जाते."

शेवटी पालकांना व मुलांना दोन विनंत्या. मुलांनी एक वही ठेवावी; काय बदलले आणि काय घडले ते तारखेसह लिहावे. न लिहिलेला प्रयत्न पुन्हा करावा लागतो, आणि दोन वेळ वाया गेल्यावर माणूस यंत्रावर नव्हे, स्वतःवर रागावतो. पालकांनी पहिल्या अपयशाला मुलाची उधळपट्टी समजू नये. मोहल्ल्यात चार घरांनी मिळून एक चालू एसएमपीएस, एक रॅम व एक छोटा स्पीकर तपासणीसाठी राखून ठेवला तर पुष्कळांचे पैसे आणि त्याहून अधिक पुष्कळांची उमेद वाचेल.