सही करण्याआधी एवढं ऐक

मनू, दाजींचं, तुझ्या बाबांचं, दिवसकार्य पार पडलं. आता घरी येणारी माणसं हातात कागद घेऊन येतील. तहसील कचेरीत वारसनोंदींचे कागद हाताळण्यात माझी नोकरी गेली, त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधी सांगतो. कागदावर नाव लागणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. भावाभावांत, बहीणभावांत जे तंटे मी पाहिले, त्यातले बरेचसे या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे उभे राहिले. म्हणून कोणी म्हणालं, "नुसतं नाव चढवायला सही पाहिजे," तरी तू किंवा ताईनं, म्हणजे तुझ्या आईनं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. काकांसमोर कागद वाचत बसायचा संकोच वाटेल. "मामाला दाखवून उद्या देते," असं सांग. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटल ती कळवतं, पण नाव बरोबर लागलंय का ते तू स्वतः बघ. आधार, पॅन, बँक आणि सातबारा या चारही ठिकाणची नावं एका कागदावर लिहून काढ. आपल्याकडे जमिनीला हमखास घरातलं हाक मारायचं नाव लागलेलं असतं. तसं निघालं, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढ.

दाजींच्या एटीएम कार्डावरून किंवा फोनवरच्या यूपीआयवरून आता एक रुपयाही काढायचा नाही. खर्चाची नड असेल तर मला सांग. मृत्यूनंतर काढलेल्या पैशाचा हिशेब पुढे सगळ्या वारसांना द्यावा लागतो, आणि संशयाला तेवढंच निमित्त पुरतं.

पासबुक नीट चाळ. मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी. त्याचे दोन लाख नॉमिनीला मिळतात. खात्यातून दरवर्षी पैसे कापले जातात, घरात कोणाला पत्ता नसतो आणि दावाच होत नाही, हे फार वाईट. हा विमा वयाच्या 55 वर्षांपर्यंत चालतो, दाजी 54 चे होते, म्हणून जरूर बघ. दुसरं म्हणजे ते नोकरीत असताना गेले. तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ताईचं निवृत्तिवेतन यांखेरीज पीएफच्याच कार्यालयाकडून ईडीएलआय विम्याची रक्कमही मिळते, जास्तीत जास्त सात लाख. कंपनीतले लोक पीएफचा फॉर्म भरून घेतात आणि हा राहून जातो. नाव घेऊन माग.

बँकेत नॉमिनी ताई आहे, त्यामुळे तिथं अडू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे कागद पूर्ण दिल्यावर बँकेनं 15 दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. सहकारी बँकेतल्या जुन्या ठेवीला नॉमिनी दिसत नाही, असं तू म्हणालीस. वारसांत वाद नसेल, तर सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि मोठ्या व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत कोर्टाचा दाखला न मागता बंधपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत यांवर रक्कम द्यायची, असं तेच निर्देश सांगतात. त्याहून मोठी रक्कम असेल तर बँक दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, मागू शकते. ते ठेवी, शेअर अशा येण्यांसाठी असतं. त्याखेरीज आपल्या राज्यात 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखलाही न्यायालयातूनच मिळतो, आणि घरजमिनीच्या कामी लोक तो काढतात. दोन्हींत जाहीर नोटीस निघते आणि हरकतींची वाट पाहतात. वकिलाकडे जाण्याआधी यातलं नेमकं काय हवंय ते बँकेकडून किंवा सोसायटीकडून लेखी घे, नाहीतर एकाच्या ऐवजी दुसरं काढून खर्च वाया जातो.

आता नॉमिनीबद्दल. ताईच्या हातात बँकेतले पैसे आले म्हणजे ते तिच्या एकटीचे झाले, असं नाही. नॉमिनी पैसे स्वीकारते, ते वारसांच्या वतीनं. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच पुन्हा स्पष्ट केलं. मग वारस कोण? ताई, तू, अमेरिकेतला दादा, आणि चौथी तुझी आजी. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीनं. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. आजीचं नाव अर्जात लिहायला लोक विसरतात किंवा विसरल्यासारखं करतात. तू तसं करू नकोस. मृत्युपत्रात न आलेल्या दाजींच्या ठेवींत तिचा चौथा हिस्सा आहे. ती म्हणेल, "मला काय करायचंय पैशाचं?" तिला नको असेल तर तिनं तसं लिहून द्यावं, पण आधी तिला विचारलं पाहिजे. तिनं मुलगा गमावलाय, निदान कागदावरून तरी तिला गाळू नका.

मुलुंडच्या फ्लॅटचं दाजींनी मृत्युपत्र केलंय, फ्लॅट ताईला. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, ते मी पाहिलं. स्टॅम्पपेपर नाही, रजिस्टर केलेलं नाही, म्हणून घाबरू नकोस. मृत्युपत्राला यातलं काहीच सक्तीचं नाही. तुझा प्रश्न होता, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, लागेल का? अगदी अलीकडेपर्यंत याचं उत्तर पत्त्यावर ठरायचं. फ्लॅट मुलुंडला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ हद्दीत, म्हणून प्रोबेट लागणार. चेकनाक्यापलीकडे ठाण्यात तोच फ्लॅट असता आणि मृत्युपत्रही तिकडेच केलेलं असतं, तर सक्ती नव्हती. इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी केलेली ही व्यवस्था 1925 च्या वारसा कायद्यात तशीच राहिली होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ते कलम 213 वगळलं आणि सक्ती गेली. हे फार आधी व्हायला हवं होतं. वाद नसलेल्या किती विधवांचे महिनेच्या महिने आणि किती पैसे त्यात गेले!

सक्ती गेली म्हणजे प्रोबेट संपलं, असं मात्र नाही. उद्या कोणी म्हणालं की सही दाजींची नाही, किंवा ते शुद्धीत नव्हते, तर न्यायालयाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याचा रस्ता तोच आहे. मृत्युपत्रात अंमलबजावणी करणारा म्हणून माझं नाव आहे, म्हणजे अर्ज मी करायचा. ते नाव नसतं, तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागावं लागलं असतं. अर्ज केला की बाकीच्या वारसांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली नाही तर काम काही महिन्यांत होतं, हरकत आली तर त्याचा दावा होतो आणि वर्षं जातात. म्हणून आधी आजी, दादा आणि तू तिघांचं ना-हरकत घेऊन सोसायटीकडे जाऊ. सोसायटीनं मृत्युपत्रावरून किंवा कुटुंबातल्या व्यवस्थेच्या लेखावरून भाग हस्तांतरित करावा, अशी सहकार कायद्यात 2019 पासून तरतूद आहे. मूळ मृत्युपत्र कोणाच्या हातात देऊ नकोस. प्रत दे, मूळ दाखव आणि परत कपाटात ठेव.

आता कोरेगावची जमीन. इथं नीट लक्ष दे, कारण खरं अवघड हेच आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. म्हणजे दोन मृत्यूंची नोंद करायची आणि तीही क्रमानं. आधी आजोबांचे वारस: आजी, दाजी, काका आणि दोन्ही आत्या. मग दाजींच्या हिश्श्याला तुम्ही तिघं आणि पुन्हा आजी. काका म्हणतील, "बहिणींची नावं कशाला? त्यांनी सोडलंय." आत्यांनी तोंडी सोडलं असेल, पण तोंडी सोडण्याला कायद्यात किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. राखीच्या दिवशी साडी-चोळी करून, माहेर तुटेल या भीतीवर बहिणींच्या सह्या घेतलेल्या मी पुष्कळ पाहिल्या. त्या सह्या कायद्यानं टिकल्याही असतील, पण मला त्या कधीच बऱ्या वाटल्या नाहीत. आत्यांना द्यायचं नसेल तर तसं त्यांच्या तोंडावर बोला. त्यांना सोडायचं असेल तर त्यांनी दुय्यम निबंधकाकडे येऊन, समजून सही करावी. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 2005 च्या दुरुस्तीनं तो वडिलोपार्जित मिळकतीतही आला आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्का केला. आज आत्यांची नावं गाळायला तू मान हलवलीस, तर उद्या तुझं नाव गाळताना काय बोलशील?

अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्कमधून. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, तरी आता अजून लांबवू नका. आधी 6क या वारस नोंदवहीत वारसांची नोंद, मग फेरफार, हरकतीची मुदत, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. मयतांची नावं काढून वारसांची लावायला सरकारनं 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, यावरून आपल्यासारखी किती खाती पडून आहेत ते समज. फेरफार झाला की त्याचा उतारा काढून प्रत्येक नाव आणि हिस्सा तपास. एखादं नाव सुटलं असेल तर लगेच लेखी हरकत दे. आणि फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे. त्यानं मालकी मिळत नाही आणि नाव सुटल्यानं ती जातही नाही. वाटणी हा त्यापुढचा विषय. सगळे राजी असतील तर ती जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते.

दादाला एवढ्यासाठी विमानानं यायला लावू नका. त्यानं तिथं मुखत्यारपत्र नोटरीकडून करून त्यावर अपोस्टील घ्यावं आणि मूळ प्रत पाठवावी. ती हातात पडल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं, ही तारीख चुकवू नकोस. मुखत्यारपत्रात कामं नावानिशी लिहायची: अमुक गट नंबर, अमुक फ्लॅट, अमुक बँक. 'सर्व अधिकार' असं मोघम लिहिलेलं कोणालाच द्यायला सांगू नकोस, मलासुद्धा नाही.

कोणी दाजींची उसनवारी घेऊन दारात आलं, तर लेखी पुरावा मागायचा. देणं खरं असेल तर ते दाजींच्या मिळकतीतून जाईल. तुझ्या पगारातून किंवा ताईच्या स्त्रीधनातून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

फ्लॅट ताईच्या नावावर झाला की तिचं मृत्युपत्र करून घेऊ. ती आत्ता नको म्हणेल. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बोलतो, तू त्या बाबतीत तिच्यामागे लागू नकोस. तोवर दोन साक्षीदार मनात धरून ठेव. ज्यांना त्यात काही मिळायचं नाही असे, ताईपेक्षा वयानं बरेच लहान, आणि गरज पडली तर कोर्टात येऊन उभे राहतील असे.